वस्त्रालंकृत छापचित्रे
वस्त्रालंकृत छापचित्रे : देवदेवतांच्या अथवा पौराणिक प्रसंगांच्या छापील चित्रांतील आकृतींवर खरे कापड, जर, टिकल्या, मणी इ. बसवून त्यांना वेशभूषा केलेली चित्रे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात व भारताच्या इतर भागांत ती तयार होत असत. चित्रातील चेहरा, हात व पाय छापील राहतात. साडी, शेला, पीतांबर, मुकुट, दागिने ही मात्र कापडाची, जरीची व मण्यांची असतात. मूळ चित्राच्या असंख्य प्रती निघालेल्या असल्या, तरी एकदा वस्त्रे चढविल्यानंतर त्या प्रतीसारखी दुसरी प्रत उरत नाही. छापखान्यातून निघालेली वस्तू घरात आल्यावर पुन्हा हातची वस्तू होते, हे या चित्रांचे वैशिष्ट्य होय. त्यामुळेच त्यांचा संग्रह व जतन यांविषयीचे प्रश्न साध्या छापचित्रांच्या प्रश्नांहून वेगळे व अधिक अवघड आहेत.

पाश्चात्त्य देशांतील कागदी बाहुली ही या चित्रांची जवळची नातलग म्हणता येईल. जाड कागदावर छापलेली आकृती कापून घ्यावयाची आणि तिला कागदाचेच कपडे, खांद्यावर दुमडणाऱ्या छोट्या पट्ट्यांच्या आधाराने, एकामागून एक चढवावयाचे, असा हा खेळ आहे. लंडनच्या एस. व जे. फुलर या प्रकाशकांनी १८१० मध्ये ‘लिटल फॅनी’ नावाच्या मुलीची पद्यकथा प्रसिद्ध केली. तिच्यासोबत निरनिराळ्या वेशांतील कागदी आकृत्या व एकच सुटे मस्तक दिलेले होते. कथा पुढे सरकेल तसे हे मस्तक एका वेशातून दुसऱ्या वेशात बसवावयाचे. दोनच वर्षांनी बॉस्टन येथे जे. बेल्चर यांनी याच धर्तीचे पुस्तक काढले. पुढे रंगीत छपाई स्वस्त झाल्यावर न्यूयॉर्कच्या मक्लॉक्लिन ब्रदर्स व लंडनच्या राफाएल टक या संस्थांनी कागदी बाहुल्या घरोघर पोहोचविल्या. गोडीज लेडीज बुक या अमेरिकन मासिकाने १८५९ मध्ये आपल्या पानांतून कागदी बाहुली दिली. मकॉल्स मासिकातील ‘बेट्सी मकॉल’ ही बाहुली मे १९५१ पासून सुरू झाली. या बाहुल्यांच्या संग्राहकांत न कापलेल्या पानाला सर्वाधिक किंमत येते. कात्री लागलेली, कडा फाटलेली, एका मुलीच्या हातून प्रत्यक्ष खेळली गेलेली बाहुली त्याहून कमी प्रतीची ठरते. म्हणजे जी वस्तू आपले काम करू शकली नाही, तीच अधिक मोलाची. वस्त्रालंकृत चित्रांच्या बाबतीत हा न्याय उलटा लागतो, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

कागदी बाहुलीच्याही आधी यूरोपात छापील चित्रांना कपडे घालण्याची पद्धत होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील बोनार कुटुंबातील मुद्रकांनी काढलेल्या वेशभूषाचित्रांतील अंगरखे व झगे कात्रीने कापून टाकीत आणि तेथे पडलेल्या रिकाम्या जागेमागून रेशमी कापड चिकटवीत. दक्षिण जर्मनीत जोगिणींच्या मठांतून संतांच्या छोट्या चित्रांनाही असाच पोशाख केला जाई. दोन्ही ठिकाणी कापड कागदाच्या मागे असते आणि कागदाची कड त्याला चौकटीसारखी धरून ठेवते. भारतातील चित्रांत सामान्यतः याच्या उलट रीत दिसते : कागद अखंड राहतो व कापड त्याच्यावर बसते.

मराठी घरात मुलींची बाहुली म्हणजे लाकडाची ठकी अथवा चिंध्यांची बाहुली. कागदावरची आकृती ही प्रामुख्याने देवाची असे आणि देवाला वस्त्र वाहणे हा पूजेचाच भाग होता. ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना साड्या नेसवितात, दागिने घालतात. देव्हाऱ्यातील मूर्तींना कापसाची वस्त्रे वाहतात. श्रावणात पूजावयाचा जिवतीचा कागद तर छापीलच असतो. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती यांची चित्रे असलेला हा कागद भिंतीवर लावून त्याला आघाडा व दुर्वा यांची माळ आणि कापसाची वस्त्रे घालतात. पुढच्या वर्षी नवा कागद येतो. जुना कागद जपून ठेवण्याची वस्तू नव्हे, म्हणूनच लाखोंनी छापलेला असूनही जुना जिवतीचा कागद क्वचितच हाती लागतो. उलट चौकटीत, काचेमागे ठेवलेली, एकदाच कायमची वस्त्रे नेसविलेली लक्ष्मी तीन-तीन पिढ्या भिंतीवर राहिली. चित्रातील दागिना उठावाचा व झगमगता करण्याची रीतही मराठी राज्यकर्त्यांना अपरिचित नव्हती. तंजावरच्या भोसले राजांच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या (कार. १७९८—१८३२) आश्रयाखाली फळीवरील देवचित्रांत सोन्याचा वर्ख, काचा व खडे बसविण्याची शैली भरभराटीस आली होती.

या सर्व प्रथांना एकत्र आणणारी घटना म्हणजे रंगीत शिलामुद्रणाचा प्रसार (पहा : शिलामुद्रण). पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०—८२) व त्यांचे सहकारी यांनी १८७८ मध्ये चित्रशाळा स्थापन केली. रामपंचायतन, नाना फडणीस इ. विषयांवरील तिची चित्रे महाराष्ट्रभर गेली. परंतु वस्त्रालंकृत चित्रांचा इतिहास मुख्यत्वे राजा रविवर्मा (१८४८—१९०६) यांच्या छापखान्याशी निगडित आहे. रविवर्म्यांनी आपली काही निवडक चित्रे यूरोपात पाठवून त्यांच्या ओलिओग्राफ पद्धतीच्या प्रती काढवाव्यात, असे सर टी. माधवराव यांनी १८८४ मध्ये त्यांना सुचविले होते. बडोद्याच्या राजवाड्यासाठी काढलेली त्यांची चौदा पौराणिक चित्रे पाहण्यासाठी लोटलेली गर्दी लक्षात घेता या सूचनेचे महत्त्व उघड झाले. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी जर्मन यंत्रे व जर्मन तंत्रज्ञ यांच्या साहाय्याने मुंबईत छापखाना काढला. गोवर्धनदास खटाव मखनजी हे त्यांचे भागीदार होते. ‘शकुंतलाजन्म’ हे तेथील पहिले चित्र समजले जाते. लक्ष्मी व सरस्वती ही चित्रे लवकरच त्यामागून आली. मुंबईतील प्लेगनंतर छापखाना लोणावळ्याजवळ मळवली-कार्ले परिसरात हलविण्यात आला व विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्स श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. म. वि. धुरंधर (१८६७—१९४४) यांच्यासारख्या इतर चित्रकारांची चित्रेही तेथे छापली गेली. ही वास्तू १९७२ मध्ये आगीत जळाली.

ओलिओग्राफ हे मुळात रंगीत शिलामुद्रणच होय. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड तयार करून एकाच कागदावर एकापाठोपाठ एक असे दहा-पंधरा, प्रसंगी त्याहून अधिक ठसे घेतात. शेवटी वार्निशाचा हात देऊन व कॅनव्हासच्या पोताचा उठाव दाबून तैलचित्राचा आभास निर्माण करतात. या चकचकीत, काहीशा चिवट पृष्ठावर कापड नीट बसते. पातळ साध्या कागदावर खळीच्या ओलाव्याने सुरकुत्या पडतात. हे तांत्रिक कारण लहान दिसते, पण वस्त्रे प्रामुख्याने ओलिओग्राफांनाच का चढविली गेली, याचा उलगडा करण्यास ते पुष्कळसे पुरेसे आहे. दुसरे कारण रविवर्म्यांच्या देवतांच्या रूपात आहे. त्यांनी लक्ष्मीला व सरस्वतीला ओळखीची साडी नेसविली, साडीला वजन व निऱ्या दिल्या. जी साडी रंगात इतकी खरी वाटते, तिच्या जागी खरी साडी घालण्याची कल्पना सुचणे अगदी स्वाभाविक होते.

वस्त्रे चढविण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. प्रथम पातळ कागद चित्रावर ठेवून वस्त्राची बाह्यरेषा उतरवून घेतात. कापड त्या आकाराहून थोडे मोठे कापून कडा आत दुमडतात, म्हणजे धागे सुटत नाहीत. छापील घड्या जिथे असतील तिथेच कापडाच्या चुण्या पाडाव्या लागतात. त्या चुकल्या, तर देवतेचा गुडघा वा कंबर भलत्याच ठिकाणी दिसू लागते. कित्येकदा कापडाखाली कापसाचा पातळ थर देऊन आकृतीला उठाव आणतात. पदराच्या काठासाठी गोटा वा जरीची अरुंद पट्टी, हारासाठी काचेचे बारीक मणी, मुकुटासाठी कलाबतू व टिकल्या वापरतात. लक्ष्मी कमळावर उभी असल्यामुळे तिच्या निऱ्या सरळ खाली पडतात व तिला साडी नेसविणे तुलनेने सोपे जाते. सरस्वती बसलेली असून वीणा तिच्या अंगावरून आडवी जाते. तेव्हा कापड वीणेच्या भोवती कापावे लागते अथवा वीणेचा छापील भाग उघडा ठेवून दोन्ही बाजूंनी दोन तुकडे जुळवावे लागतात. म्हणून एखाद्या चित्रातील हाताचे कसब जोखावयाचे असेल, तर सरस्वतीची वीणा पाहावी. तेथे कापडाची कड सफाईने बसलेली असेल, तर काम सरावलेल्या हाताचे आहे असे खुशाल समजावे.

हे काम कोण करीत असे? मुलींच्या शाळांतून व घरांतून शिवण व भरतकाम शिकविले जात असे. घरातील मुली व स्त्रिया यांनी केलेली चित्रे म्हणूनच मोठ्या संख्येने आढळतात. त्यांत घरातल्या जुन्या कपड्यांचे तुकडे सापडतात : विटलेल्या शालूचा काठ, चोळीचा खण, मुलाच्या टोपीवरची मखमल. परंतु सर्वच चित्रे घरगुती होती असे समजणे चूक ठरेल. तयार वस्त्रालंकृत चित्रे विक्रीसाठीही बनविली जात. एकाच चित्राच्या अनेक प्रतींवर त्याच मापाच्या टिकल्या त्याच ओळींत बसविलेल्या दिसल्या, तर ते काम कारागिरांचे असण्याचा संभव अधिक. भारतात इतरत्र, उदा., तमिळनाडूतील चेट्टिनाड भागातील मोठ्या घरांतून, अशी चित्रे विपुल आढळली आहेत. जर्मनीत भारतीय बाजारपेठेसाठी छापलेल्या चित्रांनाही वस्त्रे चढविलेली दिसतात. चित्राच्या खालच्या समासात छापखान्याचे नाव असते. वस्त्रे चढविणारीचे नाव कोठेही नसते.

संग्रह : महाराष्ट्रात घरगुती वस्तू संग्रहालयात ठेवण्याजोग्या असतात, हे दाखवून देण्याचे श्रेय पुण्याचे दि. गं. केळकर (१८९६—१९९०) यांच्याकडे जाते. दिवे, अडकित्ते, वज्र्या, चित्रकथींच्या पोथ्या अशा रोजच्या वा लोकजीवनातील वस्तू त्यांनी १९२० च्या सुमारापासून जमविल्या आणि तो संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनास दिला. छापील देवचित्रांकडे मात्र कलासमीक्षकांनी दीर्घ काळ पाठ फिरविली. ती ‘कॅलेंडरी’ म्हणून हिणविली गेली आणि कपडे घातलेली चित्रे तर त्याहूनही हलकी मानली गेली : चित्रकाराच्या रेषेवर शिंपीकाम. १९९३ मध्ये नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात रविवर्म्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले व त्यांच्याविषयीची चर्चा नव्याने सुरू झाली. एर्विन नॉयमायर व क्रिस्टीन शेल्बर्गर यांचा रविवर्मा व भारतातील छापील देव यांवरील ग्रंथ (२००३) आणि क्रिस्टोफर पिनी यांचा ग्रंथ (२००४) यांनी छापचित्रांना अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यानंतर वस्त्रालंकृत प्रतींना मागणी वाढली. मुंबईच्या चोरबाजारात व पुण्याच्या जुन्या बाजारात पाडलेल्या वाड्यांतून आलेल्या तसबिरी फार पूर्वीपासून विकल्या जात. मात्र गिऱ्हाईक बहुधा सागवानी चौकटीकडे पाहून किंमत ठरवी आणि आतील चित्र फुकट मिळाल्यासारखे घेई.

कागदी बाहुल्यांच्या संग्रहाशी असलेला विरोध येथे स्पष्ट होतो. न हाताळलेले ओलिओग्राफ शेकड्यांनी उपलब्ध आहेत. वस्त्रे चढविलेले प्रत्येक चित्र एकमेव आहे. त्यात त्या काळचे रेशीम, रंग, जर व टिकल्या एकत्र सापडतात आणि ही सामग्री साध्या घरांतील असल्यामुळे अधिकच महत्त्वाची ठरते. राजघराण्यांतील शालू व पैठण्या संग्रहालयांतून जपल्या गेल्या. कारकुनाच्या अथवा शिक्षकाच्या घरातील लुगड्याचा तुकडा मात्र अशा एखाद्या लक्ष्मीच्या अंगावरच राहिलेला असतो. वस्त्रेतिहासाच्या अभ्यासकांनी या साधनाकडे अद्याप म्हणावे तसे लक्ष दिलेले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

जतन : या चित्रांत कागद, वार्निश, रेशीम, धातू, काच व डिंक ही परस्परांशी न पटणारी द्रव्ये एकत्र नांदतात. खळीमुळे कसर लागते. हलक्या जरीतील तांब्यावर हिरवट गंज चढतो व तो कापडासह खालचा कागदही खातो. चौकटीच्या मागील लाकडी फळीतून निघणाऱ्या आम्लामुळे कागद तपकिरी व ठिसूळ होतो. कोकण किनाऱ्यावर हे सर्व अधिक वेगाने घडते. वसई तालुक्यातील अर्नाळा, कळंब यांसारख्या समुद्रालगतच्या गावांत पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते आणि वाऱ्याबरोबर क्षारही येतात. अशा घरातील तसबीर बाहेरच्या भिंतीवर कधीही टांगू नये. आतल्या भिंतीवर, भिंतीपासून बोटभर अंतर सोडून, थेट उजेड पडणार नाही अशा बेताने ती लावावी. काच चित्राला टेकू देऊ नये. टेकल्यास वार्निश काचेला चिकटते व मण्यांच्या दाबाने कागदाला भोके पडतात.

ओल्या फडक्याने पुसण्याची सवय या चित्रांना सर्वांत घातक होय. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात जिलेटिनच्या टिकल्या प्रचारात होत्या. त्या पाण्यात अक्षरशः विरघळतात व थोड्या उष्णतेनेही आकसतात. अज्ञानाने धुतलेल्या एखाद्या देवतेच्या मुकुटाच्या जागी नुसता चिकट डाग उरतो. धूळ मऊ कुंचल्याने, वरून खाली, न दाबता काढावी. सुटलेला मणी पुन्हा चिकटविण्यापूर्वी त्याची जागा छायाचित्रात नोंदवून ठेवावी.

सर्वांत वादाचा प्रश्न वस्त्रे उतरविण्याचा आहे. कापडाखालील छपाईला उजेड लागलेला नसतो. त्यामुळे चेहरा व पार्श्वभूमी फिकट झाली, तरी झाकलेले रंग छापखान्यातून आले त्या दिवसासारखे टवटवीत राहतात. याची कल्पना असलेल्या विक्रेत्यांना व काही संग्राहकांनाही फाटके कापड काढून ‘स्वच्छ’ प्रत मिळविण्याचा मोह होतो. ज्यांना मुद्रणकलेचा अभ्यास करावयाचा आहे, त्यांच्या दृष्टीने या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. तथापि खळीने धरलेले कापड ओढून काढताना वार्निशाचा थर बहुधा सोबत येतो आणि हाती लागते ती अर्धी ताजी, अर्धी विटलेली, मध्ये ओरखडलेली अशी एक सामान्य प्रत, जिच्यासारख्या चांगल्या प्रती इतरत्र सहज मिळतात. ज्या हातांचे नाव कोठेच नोंदलेले नाही, त्यांचा एकमेव पुरावा मात्र त्या क्षणी केराच्या टोपलीत जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते कापड कितीही जीर्ण झालेले असले, तरी ते जागच्या जागी स्थिर करणे हाच योग्य मार्ग होय. ते आपणहून सुटले असेल, तर आम्लरहित कागदाच्या पाकिटात चित्राबरोबरच ठेवावे.

मागणी वाढली की नकलाही वाढतात. साध्या जुन्या ओलिओग्राफावर, किंवा त्याच्या आधुनिक पुनर्मुद्रणावर, नवे कापड व टिकल्या बसवून ती जुनी म्हणून विकली जातात. परीक्षेचे काही मार्ग आहेत. समासातील मजकूर प्रथम पाहावा : मुंबई, घाटकोपर, कार्ले-लोणावळा या स्थलनिर्देशांवरून छपाईचा काळ ढोबळपणे ठरविता येतो. मात्र कपडे चित्र छापल्यावर कित्येक वर्षांनीही चढविले गेले असू शकतात, हे ध्यानात ठेवावे. भिंगातून पाहिल्यास शिलामुद्रणात रंगांचे अनियमित कण दिसतात, तर आधुनिक छपाईत ठिपक्यांची आखीव जाळी दिसते. सुताचा वा रेशमाचा धागा जुना असेल, तर कापडाच्या घडीच्या आतील बाजूस मूळ रंग गडद राहिलेला असतो आणि बाहेरचा विटलेला असतो; नव्या कापडाला चहाच्या पाण्याने जुनेपणा आणलेला असल्यास आत-बाहेर सारखाच रंग दिसतो. टिकल्यांचा पुरावा बहुधा निर्णायक ठरतो. धातूच्या टिकल्या काळवंडतात, जिलेटिनच्या पिवळट होऊन मुडपतात, तर प्लॅस्टिकच्या तशाच चकचकीत राहतात. मात्र १९५० नंतर एखाद्या सुनेने आजेसासूच्या लक्ष्मीचा गळालेला हार नव्या प्लॅस्टिकच्या टिकल्यांनी पुरा केला असण्याचीही शक्यता असते. ती लबाडी नव्हे. त्या चित्राच्या इतिहासातील तो पुढचा थर होय व त्याची नोंद तशीच करावी.